चाळिशीनंतर गायचंय? नंदुरबार जिल्ह्यात आपला बँड कसा शोधायचा

(हा आपल्या ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. ऐकताना चालतात पण वाचताना खटकतात असे शब्द काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय तुमच्या वयाचा नाही, पण तुमच्या घरातला आहे. प्रत्येक घरात गाणारं एक माणूस असतं. कुणाची आई भाकरी थापताना गाते, कुणाचे काका ट्रॅक्टरवर रफी आळवतात, कुणाची मावशी अशी असते की हळदीच्या रात्री सगळे तिलाच म्हणतात, "तू म्हण ना!" वय पंचेचाळीस, पन्नास. पोरं मोठी झाली, कर्ज जरा कमी झालं, थोडा वेळ मिळायला लागला. मग मनात येतं की आता एकट्यानं नको, पाच-सहा जणांत, वाद्यांसोबत गावं.

प्रश्न येतो, कुठे? पुण्या-मुंबईत अशा माणसासाठी क्लास असतात, कट्टे असतात. आपल्याकडे, म्हणजे नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव आणि नंदुरबार या सहा तालुक्यांत काय?

तर गाणारे गट आपल्याकडे भरपूर आहेत. "गायक पाहिजे" अशी पाटी ते लावत नाहीत, एवढंच. आणि प्रत्येक गटाला नव्या माणसाकडून वेगळी गोष्ट हवी असते. कुणाला दम हवा, कुणाला पाठांतर हवं, कुणाला फक्त वेळेवर येणारा माणूस हवा. आपल्याकडे काय आहे आणि समोरच्याला काय हवंय हे जुळलं की वय आड येत नाही. आज हे जुळवायचं कसं तेच बघू.

पहिलं काम: आपली पट्टी माहीत करून घ्या

कुठल्याही गटात गेलात की पहिला प्रश्न हाच येतो: "पट्टी कोणती?" इथे गप्प बसलात तर समोरचा समजून जातो की हा माणूस वाद्याबरोबर कधी गायलेला नाही.

पट्टी म्हणजे तुमचा 'सा' कुठल्या स्वरावर आरामात बसतो ते. पेटीवाला सांगतो 'काळी एक', कीबोर्डवाला सांगतो 'सी शार्प'. दोघं एकाच जागेबद्दल बोलतायत. पांढरी एक म्हणजे सी, काळी दोन म्हणजे डी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. हा छोटा शब्दकोश पाठ करा, कारण भजनी मंडळात पेटीची भाषा चालते आणि बँडमध्ये कीबोर्डची.

पुरुषांचा आवाज साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास बसतो, बायकांचा पांढरी पाच ते काळी पाचच्या आसपास. हा अंदाज झाला, नियम नाही. तपासायची सोपी रीत सांगतो. मोबाईलवर तानपुऱ्याचं फुकट अ‍ॅप मिळतं. एक पट्टी लावायची, आपल्या आवडीच्या गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर गाऊन बघायचा. खाली आवाज पुटपुटल्यासारखा झाला तर पट्टी वर न्या. वर मान ताणावी लागली, नसा दिसायला लागल्या, तर पट्टी खाली आणा.

आता वयाचं. चाळिशी-पन्नाशीत आवाज बदलतो, हे खरंच आहे. पाळी थांबण्याच्या काळात संप्रेरकं बदलतात, बायकांच्या स्वरतंतूंवर त्याचा परिणाम होतो आणि आवाज हळूहळू खाली, जाडसर होतो. कॉलेजात काळी पाचमध्ये गाणारी बाई आता पांढरी पाचमध्ये, नाहीतर पांढरी चारमध्ये सुखात गाते. यात लाजण्यासारखं काही नाही. त्रास कधी होतो? माणूस वीस वर्षांपूर्वीच्या पट्टीला चिकटून बसतो तेव्हा. हिंदी सिनेमातली बायकांची जुनी गाणी तर मुळातच खूप उंच पट्टीत आहेत. कराओके ट्रॅकमध्ये पट्टी कमी-जास्त करायची सोय असते. तिथे 'उणे दोन', 'उणे चार' करून बघा. तेच गाणं एकदम आपलं वाटायला लागतं.

वयाचा मुद्दा कुणी काढलाच तर दोन दाखले सांगा. 'रंगीला' १९९५ मध्ये आला. आशा भोसले यांचा जन्म १९३३ चा, म्हणजे उर्मिलासाठी त्या गायल्या तेव्हा वय साठीच्या पुढे होतं. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ चा, आणि 'रंग दे बसंती' आला २००६ मध्ये. हिशेब तुम्हीच करा. त्यांच्या रियाजाशी आपली बरोबरी नाही, पण पन्नाशीत गळा संपतो ही समजूत तरी यातून जाते.

एक सावधगिरीही सांगतो. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही तर काढा पीत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तंबाखू, बिडी किंवा मशेरीची सवय असेल तर अजिबात टाळाटाळ नको.

लग्नाचा बँड: दम, पाठांतर आणि कान

आपल्याकडे 'बँड' म्हटलं की पहिल्यांदा लग्नाचाच बँड डोळ्यासमोर येतो. गाडीवर चढवलेले स्पीकर, कीबोर्ड, पॅड, ढोल-ताशा आणि बेंजो. या बेंजोची गंमत माहितीये? १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी 'तायशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं. टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. ते भारतात आलं, बुलबुलतरंग झालं. त्याला विजेची जोड देऊन आवाज मोठा केला आणि वरातीत उतरवलं, तो आपला बेंजो. पण बेंजोच्या तारा एका पट्टीत लावलेल्या असतात. कीबोर्डसारखं बटण दाबून दर गाण्याला पट्टी बदलणं तिथे सोपं नसतं. म्हणून बेंजोवाल्या बँडमध्ये जाताना त्यांची पट्टी आधी विचारा आणि त्यात गाऊन बघा.

वरातीतल्या गायकाचं काम अवघड असतं. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू. अहिराणी, हिंदी, मराठी, नवापूरकडे गुजराती आणि मावची, सगळं एका दमात. नवापूर तर सीमेवरचं गाव. रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या लग्नात दोन्हीकडची गाणी लागणारच. तीन तास उभं राहून, धूळ खात, हे सगळं गायचं. पंचविशीतल्या पोरालाही ते जड जातं.

मग पन्नाशीतल्या माणसाला तिथे जागा आहे का? आहे, पण नाचाच्या गाण्यांत ती शोधू नका. लग्नात दुसरेही प्रसंग असतात. हळदीची रात्र, पाहुण्यांचं स्वागत, जेवणाच्या पंगती, मुलीची पाठवणी. तिथे जुनी, संथ, अर्थाची गाणी लागतात आणि बँडमधल्या तरुण गायकाला ती बहुतेक वेळा येत नाहीत. म्हणून बँडवाल्याला "मला पण गायचंय" असं मोघम सांगू नका. "पाठवणीची आणि हळदीची वीस गाणी मला तोंडपाठ आहेत, पट्टी काळी एक," असं सांगा. बँडवाल्याला लगेच कळतं की हा माणूस कुठे बसेल.

दोन गोष्टी बँडमध्ये जाण्याआधीच समजून घ्या. एक, कान. स्पीकरच्या तोंडाशी तासन् तास उभं राहिलं की कानात शिट्टी वाजायला लागते आणि ऐकू येणं हळूहळू कमी होतं. गेलेलं ते परत येत नाही. मेडिकलमध्ये कानात घालायचे बोळे मिळतात, ते वापरा. दुसरी, वेळ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. जो बँड रात्री १२ पर्यंत वाजवू म्हणतो, त्याच्याबरोबर गेलात तर पोलीस आल्यावर तुम्हीही तिथेच उभे असणार.

भजनी मंडळ: आत यायला सगळ्यात सोपं दार

पेटी, पखवाज किंवा ढोलकी, टाळ आणि दहा-बारा माणसं. गावात मंडळ असतंच. एकादशीला, सप्ताहात, कुणाच्या घरी दुःख झालं तर तिथेही भजन असतं. मंडळाला मुख्य गायकाएवढीच गरज असते ओळ उचलून धरणाऱ्यांची. बुवांनी ओळ म्हटली की मागच्यांनी ती एका सुरात, एका लयीत परत द्यायची. हे वरवर सोपं वाटतं. चार महिने केलंत की कळतं, ताल इथेच पक्का होतो.

चक्री भजन नावाचा प्रकार असतो. त्यात वर्तुळात बसलेल्या प्रत्येकाने आळीपाळीने एकेक भजन म्हणायचं. नव्या माणसासाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. परीक्षा कुणी घेत नाही, पाळी आपोआप येते, आणि चुकलं तर शेजारचा सांभाळून घेतो.

आपल्या जिल्ह्यात एकत्र गाण्याला मोठा इतिहासही आहे. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांच्या भोवती हजारो आदिवासी सामूहिक आरतीला जमायचे, आणि त्यातूनच दारू सोडण्याची चळवळ उभी राहिली. पुढे १९७० च्या दशकात शहादा भागात श्रमिक संघटनेचे मोर्चे निघाले, तेही गाणी म्हणत. त्या गर्दीत कुणाचा गळा कसा आहे हे कुणी तपासलं नव्हतं. आवाजात आवाज मिसळणं एवढीच अट होती. नवापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती मंडळींत नाताळच्या गाण्यांचे गट असतात, त्यांचंही तसंच.

सोंगाड्या पार्टी, रोडाली आणि होळी

सोंगाड्या पार्टी म्हणजे गाणं, नाच, विनोद आणि छोटं नाटक, सगळं एकत्र, भिली नाहीतर अहिराणीतून. इथे नुसता गोड गळा पुरत नाही. सोंग वठवता आलं पाहिजे आणि रात्र जागता आली पाहिजे. पण वय झालेल्या विनोदी माणसाला इथे जितका मान मिळतो तितका दुसरीकडे क्वचितच.

नवापूर-अक्कलकुवा पट्ट्यात रोडाली गाणी आहेत. सातपुड्यात होळीला ढोल आणि पावरी आहे. काठीची राजवाडी होळी तर तुम्ही रील्सवर पाहिलीच असेल. पण तिथे 'जॉईन' व्हायचं असं काही नसतं. ते गावाचं, कुळाचं, व्रताचं गाणं आहे. तुम्ही त्या गावचे असाल तर आधीपासून त्यात आहातच. बाहेरचे असाल तर पाहुणे म्हणून जा, ऐका, बोलावलं तर फेर धरा.

बायकांसाठी: कानबाईची रात्र

आता घरातल्या आई-मावशीबद्दल जरा थांबून बोलू. पुरुष गायला निघाला तर लोक म्हणतात "हौशी आहे". बाई निघाली की आधी प्रश्न येतात. रात्री कशाला? कुणाबरोबर? या वयात काय हे? गळा असूनही कित्येक बायका इथेच थांबतात.

खानदेशात बायकांच्या गाण्याची स्वतःची जागा आहे, ती म्हणजे कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी कानबाई बसते, रात्र जागवतात, अहिराणी गाणी होतात. त्या रात्री गल्लीत कुणाचा गळा कसा आहे, कुणाला किती गाणी येतात, हे सगळ्यांना कळतं. महिला गट बांधायचा असेल तर सुरुवात तिथून करा. त्या रात्री ज्या पाच जणी शेवटपर्यंत गात होत्या, त्यांना दुसऱ्या आठवड्यात एका घरी दुपारी बोलवा. एक ढोलकी, एक टाळांची जोडी. झाला गट. पुढे हळदीला, डोहाळजेवणाला, नवरात्रात लोक आपोआप बोलवायला लागतात. दुपारचे कार्यक्रम आधी घ्या. घरच्यांचा विरोध भांडण्यापेक्षा सवयीने लवकर मावळतो.

यात फक्त हौस नाही, आणखी एक मोठी गोष्ट गुंतलीये. कानबाईची, जात्यावरची, हळदीची अहिराणी, मावची, पावरी गाणी आज ज्यांना पूर्ण येतात, त्या बहुतेक बायका पन्नाशीच्या पुढच्या आहेत. लग्नात डीजे आला की ही गाणी म्हणायची वेळच येत नाही. आणि जे गाणं म्हटलं जात नाही, ते दहा वर्षांत विसरलं जातं. तुमची मावशी गटात गेली तर तिच्याबरोबर ही गाणीही पुढे जातात.

कराओके: छान आहे, पण तिथेच अडकू नका

नंदुरबार-शहाद्यासारख्या गावात शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, निवृत्त मंडळी एकत्र येऊन कराओके करतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक स्पीकर, दोन माइक. पुन्हा गायला लागण्यासाठी हे उत्तम. खर्च कमी, वयाचे सोबती, माइकची भीती जाते. फक्त ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही त्याच्या मागे धावता. जिवंत ढोलकीवाला तुमच्याकडे बघून वाजवतो, तुम्ही त्याच्याकडे बघून गाता. ही देवाणघेवाण कराओकेत शिकता येत नाही. म्हणून कराओके चालू ठेवा, पण महिन्यातून दोनदा तरी खऱ्या वाद्याबरोबर बसा.

दार कसं ठोठवायचं?

तमाशात, शाहिरीत मागे उभं राहून सूर धरणाऱ्याला झीलकरी म्हणतात. माझं म्हणणं सरळ आहे. कुठल्याही गटात झीलकरी म्हणूनच शिरा. पहिल्याच दिवशी मुख्य माइक मागितला तर तिथल्या जुन्या गायकाला वाटतं, हा माझी जागा घ्यायला आला. साथीला उभं राहिलात तर त्यालाच तुमचा आधार वाटतो. एखाद्या दिवशी त्याचा घसा बसतो, तो बाहेरगावी जातो, आणि गट तुमच्याकडे बघतो. त्या दिवसाची तयारी मात्र हवी.

तयारी म्हणजे काय? दहा गाणी पूर्ण पाठ, मोबाईलमध्ये बघून नाही. प्रत्येक गाण्यापुढे आपली पट्टी वहीत लिहिलेली. आणि वेळेवर जायचं. सहा महिने एकही बैठक न चुकवणारा साधा गळा कोणत्याही गटाला हवा असतो. अधूनमधून उगवणाऱ्या सुरेल गळ्याला लोक कंटाळतात. इथे चाळिशीतली माणसं बाजी मारतात, कारण शब्द पाळायची सवय त्यांना असते.

जायचं कधी, तेही महत्त्वाचं. लग्नाचा बँड ऐन हंगामात कुणाशी बोलत नाही, त्यांना झोपायला वेळ नसतो. पावसाळ्यात जा. तेव्हा वाद्यांची दुरुस्ती चालते आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामाची माणसं ठरतात. वेगवेगळे गट एकाच ठिकाणी ऐकायचे असतील तर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत फिरा. सगळे घोडे बघायला जातात, तुम्ही कान उघडे ठेवून जा.

पैशाचं बोलणं पहिल्या महिन्यात नको, पण पहिल्या सुपारीच्या आधी नक्की करा. एका कार्यक्रमाचे किती, जायची-यायची गाडी कुणाची, रात्री परतायला उशीर झाला तर सोय काय, बयाणा परत गेला तर तुमचं काय. कुणी हंगामाची उचल देऊ करत असेल तर जपून. उचल घेतली की मधेच सोडता येत नाही, आणि घरात दुखणं-खुपणं निघालं तर अडकायला होतं.

आणि तुमचं काम

तुम्ही ऐकणारे बहुतेक विशीतले. तुम्ही काय करू शकता?

घरातल्या गाणाऱ्या माणसाचा आवाज एकदा नीट रेकॉर्ड करा. पंखा बंद, खिडकी बंद, फोन हातभर अंतरावर. एक संथ गाणं, एक तालाचं, प्रत्येकी दोन मिनिटं. बँडवाल्याला ऐकवायला एवढं पुरतं. तानपुऱ्याचं अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या, पट्टी शोधायला बसा. पहिल्या दोन-तीन बैठकांना गाडीवर सोडायला आणि आणायला जा. विशेषतः आईला. मुलगा किंवा मुलगी बरोबर आहे हे दिसलं की निम्मी तोंडं बंद होतात.

यूट्यूबवर टाकायची घाई करू नका. लग्नात, वरातीत सिनेमाचं गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण तेच रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवलं की ती सूट कामाला येत नाही आणि क्लेम येऊ शकतो. परंपरेचं गाणं असेल तर गाणाऱ्या सगळ्या जणींना विचारा, आणि टाकलंच तर गावाचं आणि बोलीचं नाव लिहा.

शेवटचं. घरातलं माणूस पहिल्यांदा गटात गाऊन आलं की "कसं झालं?" विचाराल, तेव्हा ते म्हणेल, "काही नाही, मागे उभं राहून म्हटलं नुसतं." त्याला हसू नका. पुढच्या बुधवारी परत जायचंय ना, एवढंच विचारा.

तुमच्या तालुक्यात कोणता गट नव्या माणसाला सामावून घेतो, ते आम्हाला आवाजी संदेशात नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर गात राहा, आणि घरच्यांनाही गाऊ द्या!